पाच स्क्रीनच्या दोन : कांदाभावाच्या ॲपचं ऑनबोर्डिंग

निफाड तालुक्यातली एक शेतकरी उत्पादक कंपनी. सभासदांसाठी तिला अँड्रॉइड ॲप हवं आहे. लासलगाव, विंचूर, पिंपळगाव बसवंत, येवला, चांदवड, मनमाड इथले रोजचे कांदाभाव एका जागी दिसावेत आणि आपण ठरवलेल्या आकड्याला भाव पोचला की फोन वाजावा, एवढीच मागणी. काम नाशिकला गंगापूर रोडवरच्या तिघांकडे आलं : एक डिझायनर, दोन प्रोग्रॅमर. हे प्रकरण नमुन्यादाखल रचलं आहे, म्हणून कंपनीला नाव नाही. बिघाड मात्र एकही कल्पनेतला नाही. दोन फोन आणि एक मोकळी दुपार असली की सगळे करून बघता येतात.

विषय ॲपच्या फक्त उंबरठ्याचा आहे. ॲप पहिल्यांदा उघडल्यावर बोटाने सरकवत बघायच्या ओळखीच्या स्क्रीन. डिझायनरने पाच काढल्या होत्या. पहिलीवर लोगो आणि स्वागत. दुसरीवर फेटा बांधून फोनकडे बघत हसणारा शेतकरी. तिसरीवर नकाशा, ‘जवळची बाजारपेठ शोधा’ आणि लोकेशनची परवानगी. चौथीवर घंटा आणि नोटिफिकेशनची परवानगी. पाचवीवर मोबाइल नंबर आणि ओटीपी. खाली पाच ठिपके, उजवीकडे ‘पुढे’, वर कोपऱ्यात फिकट अक्षरांत ‘वगळा’. दर तीन सेकंदांनी स्क्रीन आपोआप सरकणार, असाही एक शेरा डिझाइनच्या कडेला होता.

बघायला छान. पण भाव बघायला आलेल्या माणसाला या पाचांतल्या एकाही स्क्रीनवर भाव दिसत नाही.

पहिली बांधणी

सरकवायच्या पानांसाठी अँड्रॉइडमध्ये व्ह्यूपेजर-२ हा तयार भाग आहे. २०१९ साली तो पक्का होऊन आला. आतून तो रिसायकलरव्ह्यूच, म्हणजे लांब याद्या सरकवायचा अँड्रॉइडचा भागच, आहे, आणि त्याचे निम्मे गुणदोष तिथूनच येतात. प्रोग्रॅमरने सवयीने प्रत्येक पानाला एक फ्रॅगमेंट, म्हणजे स्वतःचा कोड असलेला स्क्रीनचा तुकडा, केला. चित्र, मथळा आणि दोन ओळी एवढ्यासाठी पाच फ्रॅगमेंट म्हणजे अर्धा किलो कांद्याला ट्रॉली जुंपणं. एक लेआउट (मांडणीची फाइल), एक साधा अडॅप्टर (यादीतून पानं भरणारा कोड) आणि पाच नोंदींची यादी पुरते.

साध्या अडॅप्टरवर आल्याबरोबर ॲप उघडताक्षणी कोसळलं. पानाने व्ह्यूपेजर पूर्ण भरला पाहिजे, मॅच-पेरेंट वापरा, अशा अर्थाचा संदेश आला. लेआउट फाइलमध्ये तर मॅच-पेरेंटच लिहिलेलं होतं. हा घोळ जवळजवळ प्रत्येकाच्या वाट्याला एकदा येतो. लेआउट इन्फ्लेट करताना, म्हणजे फाइलवरून प्रत्यक्ष चौकट बांधताना, पालक (पॅरेंट) म्हणून नल, म्हणजे काहीच नाही, दिला की बाहेरच्या चौकटीची मापं गळून पडतात. फाइलमध्ये काय लिहिलं आहे याला मग अर्थ उरत नाही. ऑनक्रिएटव्ह्यूहोल्डरमध्ये मिळालेला पॅरेंट द्यायचा आणि तिसऱ्या जागी फॉल्स, की काम होतं.

ठिपक्यांसाठी टॅबलेआउट आणि त्याचा मीडिएटर जोडला होता. चालतं, पण टॅबलेआउट मुळात मजकुराच्या टॅबसाठी असल्याने ठिपके एकमेकांपासून लांब पडतात आणि टॉकबॅक (पडदा वाचून दाखवणारी सोय) चालू असलेल्याला पाच निनावी टॅब ऐकू येतात. त्याऐवजी आडव्या ओळीत साधे गोल ठेवले, टॉकबॅकला ते लपवले आणि ‘५ पैकी २’ असं वाक्य पानाच्या मथळ्याला जोडलं.

आपोआप सरकणं पहिल्याच दिवशी काढलं. सावकाश वाचणाऱ्याच्या हातातून पान हिसकावून घेण्यात काही अर्थ नाही.

महागड्या फोनवर कोसळणारं चित्र

डिझायनरने पाचही चित्रं १०८० × १९२० पिक्सेलच्या पीएनजी म्हणून पाठवली. ती नुसत्या ‘ड्रॉएबल’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकली गेली. प्रोग्रॅमरच्या फोनवर सगळं नीट. कंपनीच्या कार्यालयातल्या साध्या फोनवर पानं अडखळत सरकायची. आणि एका संचालकांच्या नव्या, महाग फोनवर दुसऱ्या पानाला ॲप बंद. तक्रार आली ती अशी : “स्वस्तातल्या फोनवर चालतं अन् भारीतल्यावर पडतं, हे कसं काय भाऊ?”

हिशोब मांडला की उत्तर मिळतं. पीएनजी फाइल काही शे केबीची असेल; मेमरीत मात्र प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट लागतात. १०८० × १९२० × ४ म्हणजे ८२,९४,४०० बाइट, सुमारे ८.३ एमबी. इथवर ठीक. पण नुसत्या ‘ड्रॉएबल’ फोल्डरमधलं चित्र १६० घनतेच्या (इंचाला १६० ठिपके) पडद्यासाठी आहे असं अँड्रॉइड धरून चालतं आणि फोनच्या घनतेप्रमाणे ते फुगवतं. ३२० घनतेच्या साध्या फोनवर लांबी-रुंदी दुप्पट, म्हणून मेमरी चौपट : ३३ एमबी. ४८० घनतेवर तिप्पट लांबी-रुंदी, नऊपट मेमरी : जवळपास ७५ एमबी. ६४० घनतेवर चौपट आणि सोळापट : १३२ एमबीच्या पुढे. एका बिटमॅपसाठी, म्हणजे मेमरीत उलगडलेल्या चित्रासाठी, चित्र काढणाऱ्या कॅनव्हासची मर्यादा बऱ्याच फोनांवर १०० एमबीची आहे. ती ओलांडली की ‘बिटमॅप फार मोठा’ म्हणून ॲप कोसळतं. म्हणजे फोन जितका महाग, तितकं चित्र जास्त फुगणार आणि तोच आधी पडणार. संचालकांचा फोन ६४० चा होता.

साधा फोन का अडखळत होता, तेही यातच आहे. पानं ‘गुळगुळीत’ सरकावीत म्हणून कुणीतरी ऑफस्क्रीन-पेज-लिमिट ४ केलं होतं. त्यामुळे पाचही पानं एकदम मेमरीत : ३३ गुणिले ५, १६५ एमबी. दोन जीबी रॅमच्या फोनला एवढं ओझं दिल्यावर तो पाठीमागची ॲप मारत सुटतो. पाच चित्रांसाठी तो आकडा मुळातच बदलू नये. शेजारचं पान आणायला रिसायकलरव्ह्यू समर्थ आहे.

दुरुस्ती तीन पायऱ्यांत झाली. चित्र पानाच्या वरच्या अर्ध्यातच बसतं, तेव्हा ७२० × ७२० पुरतं. मेमरीत ते २ एमबीच्या आसपास जातं. फाइल वेबपी या हलक्या प्रकारात. आणि फोल्डर ‘ड्रॉएबल-नोडीपीआय’, म्हणजे कुणी फुगवायला जात नाही. घंटा, बाण, खूण असली साधी चित्रं व्हेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलऐवजी रेषांच्या सूत्रांत, घेतली. पण गुंतागुंतीचं, छटांनी भरलेलं चित्र व्हेक्टर करायचा हट्ट धरू नये; शेकडो वळणं काढण्यात साध्या फोनची पहिली फ्रेम लटकते.

‘शेतकर्यांसाठी’

मजकूर आला तो डीटीपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटातून. पत्रकावर वाचता येत होता. स्ट्रिंगच्या, म्हणजे ॲपमधल्या मजकुराच्या, फाइलमध्ये चिकटवल्यावर नुसती चिन्हं. हाताने परत टाइप करताना दुसरी चूक शिरली : ‘शेतकर्यांसाठी’. रफार य-वर चढला आणि ‘सूर्या’सारखा उच्चार झाला. ‘शेतकऱ्यांसाठी’ लिहायला ऱ हे वेगळं अक्षर लागतं, मग हलन्त, मग य. मराठी कीबोर्डवर ते असतं. हिंदी कीबोर्डवरून मराठी लिहिणाऱ्याला सापडत नाही. पहिल्याच स्क्रीनवर ज्यांच्यासाठी ॲप आहे त्यांचंच नाव चुकलेलं. साऱ्या स्ट्रिंगमध्ये ‘र्य’ शोधायचं आणि प्रत्येक जागी सूर्य की शेतकरी हे बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी गोष्ट उशिरा लक्षात आली. मराठी मजकूर ‘व्हॅल्यूज-एमआर’ फोल्डरमध्ये होता आणि मूळ ‘व्हॅल्यूज’मध्ये इंग्रजी. शिस्तीला धरून बरोबर. पण गावातले कितीतरी फोन दुकानातून आले तसे इंग्रजीतच असतात. मालक मराठीत बोलतो, व्हॉट्सॲपवर मराठीत लिहितो, सेटिंगला कुणी हात लावत नाही. अशा फोनवर ॲप इंग्रजीत उघडलं. ज्या ॲपचा वाचक मराठी आहे त्याच्या मूळ फोल्डरमध्येच मराठी ठेवावी. त्याबरोबर टेक्स्टव्ह्यूला (मजकुराच्या चौकटीला) कोडमधून मराठी लोकेल (भाषेची खूण) द्यावं. फाँटात सोय असेल तर ल आणि श यांची मराठी वळणं त्यामुळेच येतात, नाहीतर हिंदी वळणाचा ल दिसतो. वाचता येतोच, पण परका वाटतो.

मथळ्याच्या वेलांट्या कापल्या जात होत्या. कारण दोन. डिझाइनशी पिक्सेलला पिक्सेल जुळावा म्हणून ‘इन्क्लूड-फाँट-पॅडिंग’ (अक्षरांच्या वर-खाली राखलेली मोकळी जागा) बंद केलं होतं आणि मथळ्याच्या चौकटीला ठरीव उंची दिली होती. रोमन अक्षरांना हे खपतं. देवनागरीत वर रफार-वेलांटी-अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. अँड्रॉइड ९ पासून, मूळ फाँटात अक्षर नसेल तेव्हा येणाऱ्या बदली फाँटाची उंचीही ओळीच्या हिशोबात धरली जाते, पण चौकटच ठरीव असेल तर तिचा उपयोग शून्य. पॅडिंग चालू ठेवलं, उंची मजकुराएवढी केली, ओळींमधलं अंतर १.४ पट. मथळा २४ एसपी, खालचा मजकूर १८ एसपी. एसपी हे माप फोनमध्ये निवडलेल्या अक्षरांच्या आकाराबरोबर वाढतं, डीपी वाढत नाही. एसपीऐवजी डीपी देऊन अक्षरं ‘काबूत’ ठेवायचा मोह टाळला. पन्नाशीच्या माणसाने चष्म्याऐवजी फोनची अक्षरं मोठी केलेली असतात. अँड्रॉइड १४ वर ती २०० टक्क्यांपर्यंत जातात. तेवढ्यावर मजकूर खाली गेला तर हरकत नाही. पान उभं स्क्रोल झालं पाहिजे आणि ‘पुढे’चं बटण त्या स्क्रोलच्या बाहेर, तळाला कायम दिसलं पाहिजे.

आता शब्द. मूळ मथळा होता ‘कृषी बाजार माहितीचे एकात्मिक व्यासपीठ’. तो ‘आजचा कांद्याचा भाव, बाजार समितीनुसार’ झाला. ‘वगळा’ म्हटल्यावर मतदार यादीतून नाव वगळल्यासारखं वाटतं. काय वगळलं जाणार, याचा पत्ता नाही. तिथे ‘थेट भाव बघा’ आलं आणि फिकट अक्षरांतून ठसठशीत अक्षरांत आलं. स्वाइप सुचवायला डिझायनरने ‘पुढे सरका’ लिहिलं होतं, ते वाचून एसटीचा कंडक्टरच आठवतो. सूचना काढून टाकली आणि पुढच्या पानाची २४ डीपी कड उजवीकडे डोकावती ठेवली. त्यासाठी व्ह्यूपेजरच्या आतल्या रिसायकलरव्ह्यूला उजवीकडे पॅडिंग देऊन क्लिप-टू-पॅडिंग बंद करावं लागतं. पुढे काहीतरी आहे, हे शब्दाविना कळतं.

बोट कडेवरून आत आलं की

अँड्रॉइड १० पासून हावभावांचं नेव्हिगेशन आहे. त्यात डाव्या किंवा उजव्या, कुठल्याही कडेवरून बोट आत ओढलं की ‘मागे’. आणि पान पुढे न्यायला माणूस बोट कुठून ओढतो? उजव्या कडेवरूनच. पहिल्या पानावर असं केलं की सिस्टिम त्याला ‘मागे’ समजते आणि ॲप बंद होतं. वापरणारा म्हणतो ‘उघडलं की लगेच बंद पडतंय’, क्रॅशच्या अहवालात मात्र काहीच नाही, कारण क्रॅश झालेलाच नसतो. तीन बटणांचं नेव्हिगेशन वापरणाऱ्या प्रोग्रॅमरला हे आयुष्यभर दिसणार नाही.

कडेचा भाग हावभावातून वगळण्याची सोय सिस्टिम देते, पण एका कडेला २०० डीपी उंचीपुरतीच. ती वापरू नये. माणसाला ‘मागे’ची सवय आहे, ती ॲपच्या दारात मोडून काय मिळणार? त्यापेक्षा ‘पुढे’चं बटण नेहमी दिसतं आणि बोटाला सहज लागतं असं ठेवणं बरं. किमान ४८ डीपी उंच असावं. इथे ५६ ठेवलं, रुंदी जवळपास पूर्ण. मातीने किंवा पाण्याने भरलेल्या हाताने ओढणं नीट नोंदलं जात नाही, दाबणं त्यामानाने जातं. नुसत्या ओढण्यावर कुठलंही काम अडून राहू नये, हा सुगम्यतेच्या नियमांचाही आग्रह आहे.

‘मागे’चं वागणं असं ठरलं : दुसऱ्या पानावर असताना पहिल्यावर, पहिल्यावर असताना ॲपच्या बाहेर. बॅक-प्रेस्डचा कॉलबॅक (‘मागे’ केल्यावर चालणारा कोड) चालू पानाचा क्रमांक शून्यापेक्षा मोठा असतानाच सुरू ठेवायचा; पहिल्या पानाचा क्रमांक शून्य. कायम सुरू ठेवून आत अट घातली तरी चालल्यासारखं वाटतं, पण मग नव्या अँड्रॉइडवर बोट ओढताना होम स्क्रीनची जी झलक दिसते ती पहिल्या पानावर दिसत नाही.

तळाच्या बटणाची आणखी एक गोम. टार्गेट एसडीके ३५ केलं, म्हणजे ॲप अँड्रॉइड १५ साठी बांधलं, की अँड्रॉइड १५ वर ॲप पडद्याच्या कडेपर्यंत पसरतं, न विचारता. तीन बटणांच्या पट्टीखाली ‘पुढे’ निम्मं गेलं. सिस्टिमच्या पट्ट्या किती जागा घेतात (इन्सेट) ते ऐकून मूळ चौकटीला तळाशी तेवढं पॅडिंग दिलं. ते एकदाच, मूळ चौकटीला. पानापानाला दिलं की कुठे दुप्पट मोकळी जागा, कुठे काहीच नाही असं होतं.

‘आमच्याकडे त्या स्क्रीन येतच नाहीत’

ओळख एकदाच दिसावी म्हणून शेअर्ड-प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे ॲपच्या छोट्या नोंदींच्या फाइलमध्ये, एक खूण ठेवतात : बघून झालं. ती कधी ठेवायची? पान दिसताक्षणी ठेवली आणि मध्येच फोन आला, ॲप मेलं, तर ओळख कायमची गेली. म्हणून शेवटचं बटण किंवा ‘थेट भाव बघा’ दाबल्यावरच. खूण खरं-खोटं अशी न ठेवता आकड्यात ठेवली : १, पुढे कधी नवी स्क्रीन आली तर २. तीन महिन्यांनी हा निर्णय कामी येतो.

खूण वाचायला क्षणभर लागतो. तेवढ्यात ओळखीचं पहिलं पान चमकून जात असेल तर जुना वापरणारा रोज दचकतो. स्प्लॅशला, म्हणजे ॲप उघडताना येणाऱ्या लोगोच्या स्क्रीनला, थांबवून धरण्याची अट तयार मिळते. खूण वाचून होईपर्यंत स्प्लॅश धरायचा आणि मग ठरवायचं.

खरा गोंधळ कंपनीच्या कार्यालयात झाला. तिथल्या फोनवर ॲप काढून परत टाकलं तरी ओळख दिसेना. नाशिकला दिसत होती, निफाडला नाही. दोन दिवस यात गेले. अँड्रॉइड ६ पासून ऑटो बॅकअप आहे : ॲपच्या फाइली, प्रेफरन्सेससकट, २५ एमबीपर्यंत वापरणाऱ्याच्या गूगल खात्यात जातात आणि परत इन्स्टॉल करताना उतरतात. खूणही उतरली. नाशिकचे फोन चाचणीचे, त्यांत बॅकअप बंद. निफाडचा फोन खरा, चालू खात्याचा.

सरळ उपाय म्हणजे ती फाइल बॅकअपमधून काढणं. अँड्रॉइड १२ पासून पुढे त्यासाठी डेटा-एक्स्ट्रॅक्शन-रूल्स, ११ पर्यंत फुल-बॅकअप-कंटेंट. दोन्ही फाइली लागतात. एकच लिहून अर्ध्या फोनांवर जुनाच प्रकार चालू राहतो. पण इथे थांबून विचार करण्यासारखं होतं. नवा फोन घेतलेल्या जुन्या सभासदाला ओळख परत का दाखवायची? त्याने निवडलेल्या बाजार समित्याही बॅकअपमधून येतायत, ते त्याच्या सोयीचंच आहे. ओळखीची खूण बॅकअपमध्येच राहू दिली.

काढावी लागली ती दुसरीच खूण. नोटिफिकेशनसाठीचं टोकन (त्या फोनचा पत्ता) सर्व्हरला पाठवलं की ‘पाठवून झालं’ अशी नोंद ॲप त्याच फाइलमध्ये करत होतं. नव्या फोनवर ती नोंद उतरली, टोकन मात्र नवं. ॲपला वाटलं पाठवून झालं आहे, सर्व्हरकडे जुन्या फोनचा पत्ता, आणि सभासद भावाच्या सूचनेची वाट बघत बसला. ओळख न दिसण्याची तक्रार आली नसती तर हे सापडलंच नसतं. ती नोंद वेगळ्या फाइलमध्ये हलवून बॅकअपमधून वगळली.

परवानग्यांचं काय करायचं

तिसऱ्या पानावर लोकेशन, चौथ्यावर नोटिफिकेशन. अजून भावाचा एक आकडा दिसला नाही तोच दोन परवानग्या. माणूस ‘नको’ म्हणतो, आणि तेच शहाणपणाचं आहे. अडचण अशी की अँड्रॉइड ११ पासून एकाच परवानगीला दोनदा नकार दिला की सिस्टिम पुन्हा खिडकी दाखवत नाही. मग सेटिंगमध्ये जाऊन चालू करा, हे फोनवर समजावत बसायचं. विचारण्याच्या संधी मोजून दोन, त्यातली एक ओळखीच्या पानावर उधळायची नाही.

लोकेशन तर सरसकट काढलं. ‘जवळची बाजारपेठ’ ही कल्पनाच शेतकऱ्याची नाही. निफाड तालुक्यातल्या माणसाला लासलगाव किती लांब, पिंपळगाव किती लांब, हे ॲपने सांगायची गरज नाही. कुठे भाव बरा आहे आणि डिझेल धरून ट्रॉली कुठे न्यावी, हा त्याचा प्रश्न. त्याला नकाशापेक्षा यादी हवी : आपल्या तीन-चार समित्या निवडायच्या आणि त्यांचे भाव एकाखाली एक बघायचे.

नोटिफिकेशनची परवानगी अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, मागावी लागते. ती आता भावाच्या शेजारच्या घंटेमागे गेली. सभासद घंटा दाबतो, ‘क्विंटलला किती झाला की कळवू?’ याला आकडा लिहितो आणि ‘कळवा’ दाबतो. त्याच क्षणी सिस्टिमची खिडकी. कशासाठी विचारतायत हे सांगावं लागत नाही. खिडकी न वाचता बाजूला सारली तर तो नकार धरला जात नाही, पुढच्या वेळी परत विचारता येतं; कोडमध्ये हा तिसरा प्रकार नकारात ढकलला जाणार नाही याची काळजी घेतली.

ओटीपीही दारातून हटला. भाव बघायला खातं लागत नाही. सभासद क्रमांक जोडायचा तो ‘माझं खातं’मध्ये, सवडीने.

उरल्या त्या दोन

स्वागत गेलं, नकाशा गेला, घंटा आत गेली, ओटीपी गेला. उरला फेटेवाला. त्याच्या जागी भावाचीच एक ओळ दाखवायची ठरली : समितीचं नाव, कांद्याचा प्रकार, किमान, कमाल, सर्वसाधारण, दर क्विंटलला. डिझायनरने नमुन्यादाखल आकडे भरले. कंपनीत दाखवल्यावर पहिला प्रश्न आला, “हा भाव आज कुठं निघाला?”

डिझाइनमध्ये खोटा आकडा हा नुसता भराव असतो. भाव बघायला आलेल्याला तो भाव असतो. त्यावर ‘नमुना’ असा शिक्का मारला तरी आकडाच आधी वाचला जातो. म्हणून पहिल्या पानावर सर्व्हरवरून आलेला खरा भावच दाखवायचा, सुरुवातीला लासलगावचा. नेटवर्क नसेल तर आकड्यांच्या जागी रेघा आणि खाली ‘नेट आलं की भाव दिसेल’. मागवायला जास्तीत जास्त चार सेकंद; त्यानंतर रेघा. पान कशासाठीही अडवून ठेवायचं नाही, ‘पुढे’ पहिल्या क्षणापासून चालतं.

इथे प्रोग्रॅमरने एक घोडचूक जवळपास केली होती. एका समितीच्या नोंदीत सर्वसाधारण दर आला नव्हता, तर किमान आणि कमाल यांची सरासरी काढून भरायला निघाला. सर्वसाधारण दर म्हणजे बहुतेक माल ज्या भावाने गेला तो. गोल्टीची (बारीक कांद्याची) एखादी ट्रॉली अगदी खाली गेली आणि एखादी निवडक वक्कल (मालाची खेप) फार वर, तर त्यांच्या मधोमध आलेल्या आकड्याला एकही ट्रॉली विकलेली नसेल. दर आला नसेल तर रेघ.

दुसरं पान समित्यांच्या यादीचं. ५६ डीपीच्या ओळी, प्रत्येकीवर चौकट, ओळीवर कुठेही दाबलं तरी खूण होते. विंचूर आणि निफाड हे लासलगावचेच उपबाजार, पण शेतकरी त्यांना वेगळं ओळखतो, म्हणून वेगळ्या ओळी. एकही निवडली नाही तरी ‘सुरू करा’ चालतं. मग पहिल्या पानावरची लासलगावच धरली जाते.

आणि याच पानावर स्वाइप बंद करावं लागलं. यादी उभी सरकते, व्ह्यूपेजर आडवा. अंगठा कधी सरळ रेषेत फिरत नाही, तो कमानीत फिरतो. थोडा तिरका गेला की व्ह्यूपेजर तो आपल्याकडे ओढतो आणि यादी सरकण्याऐवजी पान मागे जातं. व्ह्यूपेजर-२ या बाबतीत फार हळवा आहे. त्याची संवेदनशीलता कमी करायला आतलं खाजगी फील्ड रिफ्लेक्शनने, म्हणजे मागच्या दाराने, बदलण्याच्या युक्त्या फिरत असतात. लायब्ररीच्या पुढच्या आवृत्तीत त्या मोडू शकतात. दुसऱ्या पानावर आल्यावर यूजर-इनपुट-एनेबल्ड फॉल्स करणं साधं आणि टिकाऊ. मागे जायला ‘मागे’ आहेच. म्हणजे सरकवायच्या पाच स्क्रीनचं काम अंगावर घेतलं, त्यात आता एकच सरकवणं उरलं आहे.

शेवटचं बटण घाईत दोनदा दाबलं की मुख्य स्क्रीन दोनदा उघडायची. पहिल्या दाबानंतर बटण निष्क्रिय केलं. ‘पुढे’ आणि ‘सुरू करा’ एकाच जागी असल्याने लागोपाठ दाबणारा दोन्ही पानं न बघता पार होतो. त्याला तसं जाऊ द्यायचं.

तपासणी कुठे

टेबलावर तपासायची यादी छोटी आहे : ३२० घनतेचा दोन जीबीचा फोन, ६४० घनतेचा एक, अक्षरं सर्वांत मोठी, दोन्ही प्रकारचं नेव्हिगेशन, विमान मोड, डार्क मोड, आणि डेव्हलपर पर्यायांतलं ‘ॲक्टिव्हिटी ठेवू नका’ चालू करून मध्येच दुसऱ्या ॲपमध्ये जाऊन परत येणं. बॅकअपसाठी संगणकावरून (एडीबीतून) बीएमजीआर ही आज्ञा चालवून बॅकअप घ्यायचा, ॲप काढायचं, परत टाकायचं. रात्रीच्या आपोआप बॅकअपची वाट बघायची गरज नाही.

एक तपासणी मात्र उन्हातच करावी लागते. लिलावाच्या वेळी आवारात ट्रॉलीवर बसलेला माणूस फोन कपाळाला आडवा हात धरून बघतो. पांढऱ्यावरचे करडे ठिपके तिथे नाहीसेच झाले. मजकुराला किमान ४.५ : १ आणि ठिपके-चौकटींना ३ : १ एवढा फरक ठेवल्यावर दिसू लागले. डोकावती कड उन्हात दिसली नाही, ‘पुढे’ दिसलं.

एक प्रश्न उरला होता आणि तो पहिल्याच सुट्टीला पुढे आला. लिलाव बंद असलेल्या दिवशी कुणी ॲप टाकलं तर पहिल्या पानावर काय? दिवाळीत आवार काही दिवस बंद असतं, संप असला तर आणखी. आजचा भाव नाही. कालचा ‘आजचा’ म्हणून दाखवायचा नाही. नुसत्या रेघा दाखवल्या तर ॲप बिघडलं असं वाटतं. शेवटी मथळाच बदलता ठेवला. लिलाव बंद असेल त्या दिवशी तिथे ‘आज लिलाव बंद. शेवटचा भाव :’ येतं, त्याखाली तारीख, आणि तारखेची अक्षरं भावाच्या आकड्याएवढीच मोठी. डिझायनरला ती फार मोठी वाटतात.